तळणीचा दिवस

"माझा नवरा मेलाय का, एवढंच सांगा," गुलसून म्हणाली. "मेला असेल तर मला रडता येईल. नसेल तर घरी जाऊन जेवण रांधता येईल. हे अधलंमधलं आता माझ्याच्यानं होत नाही."

मेलिस शेगडीपाशी चहा ओतत होता. त्यानं मान वर केली. बाई पन्नाशीची, शाळेत गणित शिकवणारी, डोक्याला साधा रुमाल. डोळे कोरडे. आवाज इतका सपाट, की दुकानात अर्धा किलो साखर मागतेय असं वाटावं. मेलिसला तो आवाज ओळखीचा होता. गेल्या जानेवारीत त्याची बायको तुरदुकान वारली, तेव्हापासून त्याचाही आवाज असाच झाला होता. लोक म्हणत, मेलिस फार धीराचा. धीर कसला नि काय. आत काही हलतच नव्हतं.

"रडायला कोणी अडवलंय?" झूरानं विचारलं.

"सासूबाई. जित्या माणसासाठी रडणं अपशकुन. रात्री उशीसुद्धा तपासतात, ओली झाली का म्हणून. काळजी करू नका म्हटलं, कोरडीच असते."

झूरानं पेला तिच्यापुढं सरकवला. नारिन गावात औषधाच्या दुकानावरची ही खोली झूराची. साठी ओलांडलेली बाई, केस आखूड कापलेले, सगळे तिला एजे म्हणजे ताई म्हणत. आयुष्यभर विद्यापीठात संशोधनाच्या पद्धती शिकवल्या आणि एक दिवस राजीनामा फेकून खासगी तपासाचा धंदा काढला. विद्यापीठात प्रश्न विचारायचे पैसे मिळतात, उत्तर सापडलं की मात्र लोक रागावतात, असं ती म्हणे. मेलिस पोलिसातून निवृत्त झालेला. तो तिची गाडी चालवायचा, चहा करायचा आणि भलत्या माणसावर संशय घ्यायचा. त्याचं डोकं सावकाश चालायचं, पण चालायचं.

"नीट सांगा," झूरा म्हणाली.

गुलसूननं नीट सांगितलं. नवरा सोवेतबेक, विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक. संपूर्ण हिवाळा कारा-मोयनोक गावात राहून संशोधन करत होता. तीन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी वर्गावर यायचा होता, आलाच नाही. शुक्रवारी सकाळी बॅग घेऊन गावातून निघाला, हे शेजारच्या म्हातारीनं पाहिलं होतं. पुढं कोणीच काही पाहिलं नाही.

"पोलीस म्हणतात, मिनीबस धरून गेले असतील कुठंतरी. कोणाबरोबर गेले ते मला हसत हसत विचारतात."

"शेवटचा फोन?"

"मंगळवारी. गावात फोन लागत नाही, खिंडीवर चढावं लागतं. तरी एकाआड एक दिवस पहाटे चढून करायचे."

"मग गुरुवारी?"

"नाही आला. बर्फ पडत असेल, असं वाटलं."

झूरानं मान डोलावली. "संशोधन कशावर होतं?"

"तळणीवर," गुलसून म्हणाली. "गेलेल्या माणसांच्या नावानं आपण तेल तापवून बोरसोक तळतो ना, त्यावर. शुक्रवारी किती घरं तळतात, कोणासाठी तळतात, आणि तळल्यावर बायकांना बरं वाटतं का. मी म्हणायचे, एवढं शिकून बायकांच्या कढईत काय डोकावता. त्यावर हसायचे."

मेलिसच्या नाकात उगाच वास भरला. तुरदुकाननं डोळे मिटले त्या दुपारी त्याच्या बहिणीनं तासाभरात कढई चढवली होती. पिठाचे गोळे फुगून वर येत होते, घरभर तेलाचा वास, तो वास मेलेल्याचं पोट भरतो म्हणतात. मेलिस पाटावर बसून होता आणि त्याला भूक लागली होती. त्या भुकेची लाज त्याला अजून वाटायची. तेवढी एकच गोष्ट वाटायची.

*

विद्यापीठातला तालाय हा सोवेतबेकचा सहकारी. वय पस्तीस, जीभ धारदार, बूट चकचकीत.

"पळाले ते," तो म्हणाला. "आकडे जमेनात म्हणून पळाले. एजे, तुम्ही आम्हाला शिकवलंय, तुम्हीच सांगा. त्यांचं गृहीतक काय, तर जी घरं नेमानं तळतात तिथल्या बाया दुःखातून लवकर सावरतात. तळणं हे स्वतंत्र चल, सावरणं हे आश्रित. मी म्हटलं, अहो, उलटं आहे. जी सावरलीय तीच कढई चढवते. जी कोसळलीय ती चूल तरी पेटवेल का? सावरणं स्वतंत्र आणि तळणं आश्रित."

"हे त्यांना कुठं म्हटलास?"

"भर बैठकीत. म्हटलं, कावळा बसला म्हणून फांदी मोडली, असं लिहिताय तुम्ही. त्यांनी पेला आपटला. मी उठून गेलो."

"नंतर भेटलास?"

"एकदा गावी गेलो होतो, समजूत काढायला. त्याच आठवड्यात. पण ते निघाले त्या शुक्रवारी मी दिवसभर वर्गावर होतो. पन्नास पोरांनी पोलिसांना सांगितलंय."

"गावी कोणत्या दिवशी गेला होतास?"

तालायनं बुटांकडं पाहिलं. "मंगळवारी संध्याकाळी गेलो, तासाभरात परतलो. त्यांनी दार उघडलं नाही, खिडकीतूनच बोलले." मग तो जरा हळू म्हणाला, "माणूस वाईट नव्हता हो. हट्टी होता."

जिन्यावर मेलिस कुजबुजला, "एजे, हा म्हणाला, माणूस वाईट नव्हता. नव्हता म्हणाला."

"तीन आठवडे गायब असलेल्या माणसाला अख्खं नारिन 'होता'च म्हणतंय, मेलिस. सगळ्यांना बेड्या घालशील का?"

*

कारा-मोयनोकला जायचा रस्ता नदीच्या कडेकडेनं वर चढतो. मार्च उजाडला तरी बर्फ हटलं नव्हतं. मेलिसची जुनी गाडी खोकत चालली होती. समोरच्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेलेला. या भागात खडी उडते आणि काच जाते, ती बदलण्याचा खुळेपणा कोणी करत नाही. तड्याच्या वरून बघायचं की खालून, हे ज्यानं त्यानं उंचीप्रमाणे ठरवायचं.

"ते चल म्हणजे काय, एजे?" मेलिसनं विचारलं. "मघाशी मान हलवली, पण कळलं नाही."

"दोन गोष्टी बरोबर बदलताना दिसल्या की विचारायचं, हलवतंय कोण आणि हलतंय कोण. हलवतं ते स्वतंत्र. हलतं ते आश्रित."

"म्हणजे मी आणि ही गाडी."

"ही गाडी तुझ्यावर नाही, तिच्या लहरीवर चालते. दुसरं उदाहरण घे. थंडी आणि चूल."

"थंडी वाढली की चूल वाढते. थंडी स्वतंत्र."

"शाबास. आता दुरून एखाद्याच्या धुराड्यातून खूप धूर दिसला तर काय म्हणशील?"

"म्हणीन, त्याला थंडी वाजतेय."

"आणि तो पाहुण्यांसाठी मेंढी शिजवत असला तर?"

गाडीनं एक वळण घेतलं.

"पोरं पहिल्या परीक्षेत आश्रिताला मालक समजतात," झूरा म्हणाली. "ती चूक लवकर सुटते. दुसरी सुटत नाही. आश्रिताला एकच मालक असतो, असं धरून चालतात."

मेलिसला हे अर्धं कळलं. उरलेलं अर्धं त्यानं पुढच्या वळणासाठी ठेवलं.

*

बातमा आपाचं घर गावाच्या टोकाला. सोवेतबेक हिवाळाभर याच घरी राहिला. अंगणात पाऊल टाकताच तळणीचा वास आला. शुक्रवार होता. बातमा दारात उभी राहिली, सत्तरीची, हात पिठाचे. तिनं पाहुण्यांना आत नेलं, चहा दिला, बोरसोकांची परात पुढं ठेवली आणि म्हणाली, "माझ्या म्हाताऱ्याच्या नावानं खा." मेलिसनं पुटपुटत दुवा केली आणि खाल्ले.

घर मात्र गार होतं. बातमानं शेगडीत एकच गोवरी सारली आणि झाकण लावलं.

"सोवेतबेक कधी निघाले, आपा?" झूरानं विचारलं.

"सकाळी. चहा घेतला, बॅग उचलली, गेले."

"वार कोणता?"

"शेजारीण म्हणते शुक्रवार. पोलिसांनी तेच लिहून घेतलं." बातमा कपात बघत होती. "चांगला माणूस. हिवाळाभर माझ्या हातचं खाल्लं त्यानं. विचारायचा, आपा, तळल्यावर हलकं वाटतं का."

"मग काय सांगायचात?"

"वाटतं, म्हणायचे."

तिचा मुलगा शेरशेन दाराला टेकून उभा होता. तिशीचा, आडदांड, पण पाहुण्यांकडं न बघणारा. "त्या शुक्रवारी मी नारिनला होतो," तो न विचारताच म्हणाला. "मामेभावाच्या लग्नात. सकाळपासून रात्रीपर्यंत. नाचताना पडलो, तेही लोकांनी फोनमध्ये टिपलंय. पोलिसांनी बघितलंय."

"पोलिसांशी तुझी जुनी ओळख दिसते," मेलिस म्हणाला.

शेरशेनचे कान लाल झाले. "दारू पिऊन गाडी चालवली होती मागं. एकाला लागलं. शिक्षा भोगून आलोय. आता पीत नाही."

बाहेर पडताना मेलिस अंगणात शेरशेनच्या गाडीपाशी रेंगाळला. मेलिसच्या गाडीइतकीच जुनी, पण पुढची काच लख्ख, एक ओरखडा नाही. त्याला हेवा वाटला. गाडीच्या मागं भिंतीला लागून गोवऱ्यांची उतरंड होती. एका टोकाला छातीएवढी, पुढं अर्धी भिंत नुसती उघडी, खाली भुसा पडलेला.

"हिवाळा कडक गेला वाटतं," झूरा बातमाला म्हणाली.

"कडकच," बातमा म्हणाली आणि आत वळली.

*

शेजारीण अनारकान तोंडाची गिरणी. तिच्या अंगणात गोवऱ्यांची उतरंड जवळजवळ शाबूत होती आणि घर उबदार होतं. झूरा बसते न बसते तोच ती सुरू झाली.

"म्हातारा घरी नाही बरं का. जुम्याला गेलाय. मशीद खालच्या गावात, सकाळीच निघतो, संध्याकाळी उगवतो. ताप असला तरी चुकवत नाही. मी म्हणते, अल्ला तुला घरूनही ऐकेल, बहिरा तू आहेस. ऐकत नाही."

"सोवेतबेकना तुम्ही पाहिलंत?"

"मीच पाहिलं. सकाळी गाईचं दूध काढत होते. कुंपणापाशी थांबला, म्हणाला, येतो आपा, रविवारपर्यंत घरी राहतो. एकटाच रस्त्याकडं चालत गेला. शुक्रवार होता."

"शुक्रवार होता हे कसं लक्षात राहिलं?"

"लक्षात काय राहायचंय? त्याच दिवशी दुपारी बातमाकडं तळण होतं. म्हातारा इथंच शोरबा ओरपत होता, नाक वर करून म्हणाला, वास सुटलाय बघ. तेवढ्यात बातमा स्वतःच परात घेऊन आली. बातमा शुक्रवारशिवाय तळत नाही. मग शुक्रवारच ना?"

"काही बोलल्या त्या?"

"नेहमी आपल्या मेलेल्या म्हाताऱ्याचं नाव घेते. त्या दिवशी म्हणाली, प्रवाशाला दुवा दे. म्हटलं, सोवेतबेक निघालाय, त्याच्यासाठी म्हणतेय. जीव होता तिचा त्याच्यावर." अनारकाननं सुस्कारा टाकला. "दिवस कसे पळतात बघा. त्या शुक्रवारचे बोरसोक अजून मऊ होते, तोवर पुढच्या शुक्रवारचे आले. खाऊन संपेनात. शेवटी कोंबड्यांना घातले."

झूरानं आणखी एक कप चहा मागितला, आणि मेलिसला कळलं की काहीतरी झालंय. झूरा दुसरा कप कधी घेत नसे.

परतताना दोघं गावच्या कबरस्तानाजवळून गेली. मातीच्या ढिगांवर बर्फ होतं. झूरा कुंपणाबाहेर थांबली.

"अशा जमिनीत खणतात कसं रे?"

"खणत नाहीत. आधी जाळतात," मेलिस म्हणाला. "लोखंड असतं ते. तुरदुकानच्या वेळी भावांनी आदल्या रात्रीपासून गोवऱ्या पेटवून ठेवल्या होत्या, वर दोन टायर. तेव्हा कुठं कुदळ आत गेली. धुरानं सगळ्यांचे डोळे लाल. मला वाटलं, लोकांना वाटेल मी रडलो."

"किती गोवऱ्या लागल्या?"

"अर्धी भिंत गेली," मेलिस म्हणाला. त्याच्या तोंडून ते सहज निघालं. झूरा मात्र त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं हळूच त्याच्या बाहीवर हात ठेवला.

"उद्या गुलसूनला आणि त्या तालायला घेऊन ये. आणि खिंडीवर चढशील तेव्हा पोलिसांना फोन कर. म्हणावं, दुपारी या, घाई नको."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी बातमाच्या खोलीत सगळे बसले. गुलसून भिंतीशी, पाठ ताठ. तालाय तिच्या शेजारी. अनारकान दाराजवळ, कारण तिला काही चुकवायचं नव्हतं. शेरशेन उभाच. बातमानं सगळ्यांना चहा दिला. सगळं ठरल्यासारखं ती वागत होती.

"ही अख्खी भानगड एका वारावर उभी आहे," झूरा म्हणाली. "सोवेतबेक शुक्रवारी निघाले, असं सगळे म्हणतात. शुक्रवारी तालाय वर्गावर आणि शेरशेन लग्नात. दोघंही सुटले. मिनीबसवाल्यांना विचारलं, तर शुक्रवारी असा माणूस कोणाला आठवत नाही. म्हणून सगळ्यांनी ठरवलं, ते पळाले. पण शुक्रवार हे सांगितलं कोणी? एकट्या अनारकान आपांनी."

"पाहिलं मी," अनारकान म्हणाली.

"माणूस पाहिलात. वार नाही पाहिलात. वार तुम्ही वासावरून काढलात. बातमाकडं तळण, म्हणजे शुक्रवार. बरोबर?"

"मग? ती शुक्रवारीच तळते."

"तळते. म्हणजे तळण शुक्रवारवर आश्रित आहे. शुक्रवार आला की कढई चढते. पण कढई चढली म्हणजे शुक्रवार आला, असं होत नाही. कढईला आणखी एक मालक आहे. या देशात तो प्रत्येक पोराला माहीत आहे." झूरानं तालायकडं पाहिलं. "तालाय, तू आणि सोवेतबेक वर्षभर भांडलात, तळण्यानं दुःख हलतं की दुःखानं तळण. आणि जे गावातलं शेंबडं पोर सांगेल ते दोघंही विसरलात. तळण कशानं सुरू होतं?"

"कोणी मेलं की," तालाय म्हणाला.

"तो शुक्रवार नव्हता," झूरा म्हणाली. "आपा, तुमचे यजमान त्या दुपारी कुठं होते?"

"इथंच. शोरबा..." अनारकान बोलता बोलता अडली. तिचा हात तोंडाशी गेला.

"जुम्याला ताप असला तरी न चुकवणारा माणूस भर दुपारी घरात शोरबा पीत होता. आणि मऊ बोरसोक. आठवड्याचे बोरसोक दगड होतात, तुम्हालाही माहीत आहे. तुमचे मऊ होते, कारण दोन तळणींत आठवडा नव्हताच. दिवस पळत नाहीत आपा, तळण दोनदा झालं. एकदा खऱ्या शुक्रवारी. एकदा त्याच्या आधी. मंगळवारी संध्याकाळी तालाय सोवेतबेकशी बोलला, त्याच दिवशी त्यांनी घरीही फोन केला. गुरुवारी पहाटे फोन आला नाही. मधे राहिला बुधवार."

मेलिस सरसावला. हे आपल्याला आधीच कळलं होतं, असं त्याला मनापासून वाटलं. "मग बुधवारी तालाय कुठं होता?"

"कुठंही असू दे. तालायनं कोणाचं काही केलं असतं, तर या घरात कढई का चढली असती? ज्यानं मरण पाहिलं त्याच्या घरी तळण झालं. जगाला जे तीन आठवडे कळलं नाही, ते या चुलीला त्याच दुपारी माहीत होतं."

झूरा शेरशेनकडं वळली. तिचा आवाज चढला नाही.

"तुझ्या गाडीची काच नवी आहे. इथून नारिनपर्यंत मी दुसरी नवी काच पाहिली नाही. तडा गेला म्हणून इथं कोणी काच बदलत नाही. आतून माणूस आदळून काचच उरली नसेल तर बदलावी लागते. रस्त्यावर तूच त्यांना गाडीत घेतलंस. आणि अंगणातल्या अर्ध्या भिंतीच्या गोवऱ्या चुलीत गेल्या नाहीत. तुमचं घर गार आहे, कारण त्या गोवऱ्यांनी जमीन तापवली." मग ती म्हातारीकडं वळली. "आपा, काल तुम्ही माझ्याशी खोटं बोलला नाहीत. वार विचारला तर म्हणालात, शेजारीण म्हणते शुक्रवार. अनारकानलाही तुम्ही खोटं नाव सांगितलं नाहीत. म्हणालात, प्रवाशाला दुवा दे. आज मीच विचारते. बुधवारी कोणाच्या नावानं तळलंत?"

बातमा परातीकडं बघत होती. शेरशेन म्हणाला, "आई, गप्प बस."

"जिवंत माणसांशी खोटं बोलता येतं रे," बातमा म्हणाली. "मेलेल्याचं नाव मागितल्यावर येत नाही. सोवेतबेकच्या नावानं तळलं."

शेरशेन भिंतीला टेकून खाली बसला. मग तोच बोलला, जमिनीकडं बघत. आदल्या रात्री प्यायला होता, सकाळीही उतरली नव्हती. मास्तर पायी चाललेले दिसले, म्हणाला बसा, सोडतो. नदीवरच्या वळणावर गाडी घसरून खडकावर गेली. तो वाचला. मास्तर काचेतून बाहेर पडले आणि हलले नाहीत. दुसऱ्यांदा तुरुंगात गेलो की म्हातारी एकटी मरेल, एवढंच डोक्यात आलं. अंगावर घोंगडी टाकून घरी आणलं.

"मी म्हटलं, नदीत नाही टाकायचं," बातमा म्हणाली. "माणसासारखा जाईल. रात्रभर जमीन तापवली. माझ्या म्हाताऱ्याशेजारी ठेवलाय, तोंड किब्ल्याकडं, मक्केच्या दिशेला करून. मला जेवढी दुवा येते तेवढी म्हटली. कढई चढवायला नको होती, हे मला कळत होतं. पण माझ्या घरून निघालेला माणूस उपाशी कसा जाऊ द्यायचा?" ती तालायकडं बघून म्हणाली, "तो विचारायचा, हलकं वाटतं का. त्याच्यासाठी तळलं तेव्हा नाही वाटलं. तुमच्या कागदात लिहायचं असेल तर लिहा."

आता सगळे गुलसूनकडं बघत होते. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं. नवरा मेला होता, कुठं पुरला होता तेही कळलं होतं, आणि या घटकेपासून जगातली कोणतीही सासू तिची उशी तपासू शकत नव्हती. ती बसली होती तशीच बसून राहिली. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मेलिसला वाटलं, हिचंही आपल्यासारखंच झालं. आता रडू येणार नाही, आणि आयुष्यभर लोक हिला धीराची म्हणतील. त्याला तिची दया आली, आणि स्वतःचीही आली, पहिल्यांदाच.

मग गुलसूननं तोंड उघडलं. आवाज तोच सपाट.

"बुधवारी तळलंत त्या पिठात साखर घातली होती का?"

कोणाला काही कळेना. बातमाला कळलं.

"घातली होती," ती म्हणाली. "आम्ही घालत नाही. पण त्याला गोड लागायचं."

"जास्तच लागायचं," गुलसून म्हणाली. "मी घालू द्यायचे नाही. डॉक्टरांनी मनाई केली होती."

"मूठभर घातली," बातमा म्हणाली. "म्हटलं, आता काय होतंय त्याला."

गुलसूनचा खांदा एकदा हलला. मग तिच्या घशातून जो आवाज निघाला, तो गणित शिकवणाऱ्या बाईचा नव्हता. ती पुढं वाकली आणि तिचं कपाळ बातमाच्या गुडघ्याला लागलं. ढकलायचं होतं की टेकायचं होतं, ते तिलाही कळलं नसावं. बातमानं हात वर धरले, आणि मग ते तिच्या डोक्यावर ठेवले. दोघींचं रडणं एकात एक मिसळलं. अनारकान दारातच बसून रडायला लागली.

झूरानं पुरुषांना डोळ्यांनी खूण केली. सगळे बाहेर आले. शेरशेन अंगणात गोवऱ्यांशेजारी बसला. पळाला नाही.

पोलिसांची गाडी आली ती याच वेळी. तरुण अधिकारी उतरला, मेलिसला ओळखून त्यानं हात मिळवला आणि दाराकडं निघाला. मेलिस त्याच्या वाटेत उभा राहिला.

"काय चाललंय आत, बाइके?" त्यानं थोरल्या भावाला हाक मारावी तसं विचारलं.

"रडतायत."

"अहो, पण मला जबाब घ्यायचेत."

"घे की," मेलिस म्हणाला. त्याच्या गालावरून काहीतरी ओघळत होतं, आणि ते पुसायला त्याचा हात वर गेला नाही. "होऊ दे त्यांचं. तीन आठवडे थांबलीय ती बाई. तू जरा थांब."